तिसऱ्या घंटेनंतर



दरवर्षी मार्च महिना जवळ आला की मला चाकण, भोसरी, तळेगाव या भागांतल्या एखाद्या कारखान्यातून फोन येतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी कामगारांपुढं दोन शब्द बोलायला कुणीतरी लागतं. मी १९७३ ते २०१० अशी सदतीस वर्षं याच पट्ट्यात फिटर म्हणून काढली. सगळी मेंटेनन्समध्ये, आणि त्यातही क्रेन आणि हॉइस्ट, म्हणजे जड वस्तू उचलणारी यंत्रं, यांच्यावर. त्यामुळं माझा नंबर लागतो. शाल, नारळ आणि एक स्टीलची बाटली मिळते. आमच्या घरी अशा बाटल्या आता अकरा झाल्या आहेत.

सुरक्षेवरचं भाषण कुणी ऐकत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. ‘हेल्मेट घाला’ म्हटलं की मागच्या रांगेतली पोरं मोबाइल काढतात. म्हणून मी एक युक्ती केली. मी त्यांना स्पायडरमॅनची गोष्ट सांगतो. सिनेमातल्या नव्हे, रंगमंचावरच्या. गोष्ट सुरू झाली की मोबाइल खिशात जातात. तीच गोष्ट आज मी तुम्हाला सांगणार आहे. फरक इतकाच की तिचा एक अर्धा भाग मी आजवर कुठल्याच कारखान्यात सांगितलेला नाही. तो आज सांगायचं ठरवून आलो आहे.

मी २०१० च्या ऑगस्टमध्ये निवृत्त झालो आणि नोव्हेंबरमध्ये मुलाकडं न्यू जर्सीला गेलो. आमच्यासारख्या माणसाला अमेरिका म्हणजे घरात बसून खिडकीतून बर्फाची वाट बघणं. नातू तेव्हा सात वर्षांचा. त्याच्या अंगात रात्रंदिवस स्पायडरमॅनचा लाल-निळा अंगरखा. आमच्या काळी दूरदर्शनवर स्पायडरमॅनचं कार्टून लागायचं, तेवढीच माझी त्याच्याशी ओळख. एक दिवस सूनबाई म्हणाल्या, “बाबा, न्यूयॉर्कला स्पायडरमॅनचं नाटक लागलंय. तिकिटं काढलीत.”

मी म्हटलं, “नाटक? भिंतीवर चढणार कसा तो?”

मुलगा म्हणाला, “चढतो नुसता नाही, बाबा, उडतो. लोकांच्या डोक्यावरून.”

“खाली जाळी आहे का?”

मुलानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. “बाबा, तुम्ही रिटायर झालात.”

हे जे नाटक होतं त्याचं नाव ‘स्पायडरमॅन : टर्न ऑफ द डार्क’. संगीत नाटक म्हणायचं, म्हणजे गाणी भरपूर. ती गाणी ‘यू टू’ या प्रसिद्ध रॉक बँडमधल्या बोनो आणि एज या दोघांनी केलेली. दिग्दर्शिका जूली टेमोर. याच बाईंनी ‘लायन किंग’ रंगमंचावर आणलं आणि गाजवलं होतं. खर्च पुढं साडेसात कोटी डॉलरांच्या घरात गेला. त्या वेळच्या भावानं सव्वातीनशे कोटी रुपयांच्या वर. न्यूयॉर्कच्या नाट्यव्यवसायात तोवर एका नाटकावर एवढा पैसा कुणी लावला नव्हता.

पण आम्ही तिकिटं काढली तेव्हा नाटक सुरू झालंच नव्हतं. हे मला आधी समजेना. तिकडं एक पद्धत आहे. नाटकाचा अधिकृत शुभारंभ होण्याआधी काही आठवडे ते लोकांपुढं करून बघतात. त्याला प्रिव्ह्यू म्हणतात. आपल्याकडं रंगीत तालीम असते तसंच, पण तिकीट लावून. प्रेक्षक कुठं हसतात, कुठं जांभया देतात ते बघायचं, दिवसा बदल करायचे आणि रात्री पुन्हा खेळ. टीकाकारांनी शुभारंभापर्यंत लिहायचं नाही असा संकेत. मी मुलाला म्हटलं, “म्हणजे तालमीचे पैसे घेतात की!” तो म्हणाला, “हो, पण इथं ते आधी सांगून घेतात.”

नंतर मला आठवलं की यात आपण तरी कुठं मागं आहोत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ पहिल्यांदा केलं, ते फक्त पहिल्या चार अंकांचं. नाटक पुरं व्हायच्या आत लोकांपुढं आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि उडण्याबिडण्याचं म्हणाल, तर त्यांच्याच ‘सौभद्रा’त घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात नेतोच की. आपला राक्षस विंगेतून यायचा आणि विंगेतून जायचा, मधलं उड्डाण प्रेक्षकांनी मनात करून घ्यायचं. त्या घटोत्कचाचा हात-पाय कधी मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

स्पायडरमॅनचा पहिला प्रिव्ह्यू २८ नोव्हेंबर २०१० ला, रविवारी झाला. दुसऱ्या दिवशी पेपरांतून हीच बातमी. खेळ पाच वेळा थांबवावा लागला होता. पहिल्या अंकाच्या शेवटी तर स्पायडरमॅन प्रेक्षकांच्या डोक्यावर अधांतरी लटकत राहिला आणि खालची माणसं त्याला ओढून घ्यायला धडपडत होती. एका नटीला विंगेत दोरीचा फटका डोक्याला बसला, ती पुढं काही दिवस आली नाही. त्याआधी तालमीत एका नटाची दोन्ही मनगटं मोडली होती. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रमवाले तुटून पडले. सूनबाई म्हणाल्या, “तिकिटं परत करूया का?” नातवानं भोकाड पसरलं. आम्ही गेलो.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. बेचाळिसाव्या रस्त्यावर फॉक्सवुड्स थिएटर, आता त्याचं नाव लिरिक आहे. एकोणीसशेच्या वर खुर्च्या. आत गेल्याबरोबर नातवानं रंगमंचाकडं बघितलं आणि मी छताकडं. वायर रोप कुठून येतात, कुठल्या पुलीवरून वळतात, विंच कुठं बसवलेत ते शोधू लागलो. एका माणसाला चार दिशांनी चार रोप, प्रत्येक रोप वेगळ्या विंचवर आणि सगळ्या विंच एका संगणकाच्या हुकमात. एक रोप सोडायचा, दुसरा ओढायचा, की माणूस हवेत पाहिजे तिथं जातो. आमच्या शॉपमधल्या क्रेनवर असं काही करायचं स्वप्नसुद्धा कुणाला पडलं नसतं. मी मनातल्या मनात त्या अनोळखी फिटर लोकांना सलाम ठोकला.

नाटकाची गोष्ट काय होती ते मला विचाराल तर सांगता येणार नाही. सुरुवात ओळखीची होती, पोरगा, कोळ्याचा चावा, अंगात आलेली शक्ती. पण मग कुठून तरी ग्रीक पुराणातली एक विणकरीण आली, आणि उत्तरार्ध सगळा तिनंच घेतला. सूनबाईंनी नंतर गाडीत समजावून सांगितलं, तरी कळलं नाही. पुढं टीकाकारांनाही तेच वाटलं म्हणे. पण स्पायडरमॅन पहिल्यांदा रंगमंचावरून सुटला आणि आमच्या डोक्यावरून वारा कापत मागच्या सज्जावर जाऊन बसला, तेव्हा ते एकोणीसशे लोक एका आवाजात ओरडले. त्यात मीही होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खुर्चीतून उठून ओरडलो. नातू माझ्याकडं बघतच राहिला.

गाणारा स्पायडरमॅन वेगळा आणि उडणारे वेगळे होते. एकच वेश घालून आठ-नऊ जण आलटून पालटून येत होते. नातवाला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं. त्यानंच मला सांगितलं. “आजोबा, हा उंच आहे, मघाचा बुटका होता.”

आणि मग खेळ थांबला.

हिरव्या राक्षसाशी हवेतली मारामारी चालली होती. स्पायडरमॅन रंगमंचाच्या उजव्या अंगाला, खालून पंधरा फुटांवर आला आणि तिथंच राहिला. एक झोका, दुसरा झोका, मग स्थिर. संगीत बंद पडलं. दिवे लागले. ध्वनिक्षेपकावरून एक शांत आवाज आला, की आम्ही खेळ थोडा वेळ थांबवत आहोत, सगळे सुरक्षित आहेत, कृपया जागेवर बसून राहा. एवढंच. त्या आवाजात ना घाबरगुंडी, ना माफी. काळे कपडे घातलेली दोन माणसं आली, वर बघितलं, खूण केली. लटकलेल्या स्पायडरमॅननं लोकांना हात हलवून दाखवला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. पाचेक मिनिटांनी त्याला हळू खाली घेतलं, कंबरेचे रोप तपासले, पुन्हा लावले, आणि खेळ मागच्या गाण्यापासून पुढं चालू झाला.

मुलगा म्हणाला, “बाबा, काय झालं? रडताय का?”

मी म्हटलं, “डोळ्यांना एसी लागला.”

आता तो दुसरा अर्धा भाग.

१९८८ सालचा गणेशोत्सव. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. आमच्या कारखान्याच्या कॉलनीत दरवर्षी कामगारांचं नाटक व्हायचं. कारखान्याचं नाव मी सांगत नाही, कारण घडलं ते कारखान्यानं केलेलं नव्हतं. त्या वर्षी जुलैपर्यंत रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ चाललं होतं. रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना आठवतात. तेव्हा त्या गणपतीत आम्ही पौराणिक नाटक करणार हे ठरल्यासारखंच होतं. आणि मारुती उडवायचा हेही. मेंटेनन्सची माणसं हाताशी असल्यावर मारुती काय, अख्खी लंका उडवू, असं मीच बैठकीत म्हटलं होतं.

मारुतीचं काम एका अप्रेंटिस पोरानं केलं. वीस वर्षांचा, खेड तालुक्यातला, रोज एसटीनं यायचा. अंगानं काटक, आवाज दणदणीत. त्याला त्या दिवसांपासून सगळे मारुतीच म्हणू लागले, मीही तेच म्हणतो, खरं नाव सांगायचं कारण नाही.

मांडवात आम्ही पाइपांची चौकट उभी केली, वर एक गर्डर टाकला. तालमीला मारुती चेनपुलीनं उचलला. चेनपुली म्हणजे अगदी भरवशाची वस्तू. साखळी सोडली तरी वजन खाली येत नाही, आणि तिच्या हुकाला तोंडाशी स्प्रिंगची एक पट्टी असते, तिला लॅच म्हणतात. लॅच असली की आत अडकलेली कडी आपोआप बाहेर निघू शकत नाही. पण चेनपुलीनं मारुती दहा फूट वर जायला तीन मिनिटं लागायची, आणि सगळा वेळ खडखड खडखड. गाणं संपायचं, पेटीवाला थांबायचा, तरी मारुती आपला निम्म्यातच. तालमीला लोक हसून हसून लोळायचे. शेवटी ठरलं की चेनपुली काढायची, दोन साध्या पुल्यांवरून नायलॉनची दोरी घ्यायची आणि विंगेतून चार जणांनी ओढायची. मारुती सर्रकन वर गेला पाहिजे. ते प्रयोगाच्या आदल्या दिवशी केलं. दोरीच्या टोकाला लावायला एक हूक भंगारातून आणला. मी आणला.

त्या हुकाला लॅच नव्हती. तुटून गेलेली होती.

हे मला केव्हा कळलं ते नीट सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आणताना कळलं नाही. प्रयोगाच्या रात्री, दुसरी घंटा झाल्यावर, मी मारुतीच्या पाठीमागच्या पट्ट्याच्या कडीत हूक अडकवत होतो. बोट सवयीनं हुकाच्या तोंडाकडं गेलं, आणि तिथं पट्टी लागली नाही. मी बघितलं. बघितल्याचं मला लख्ख आठवतं. शॉपमध्ये मी असा हूक जागच्या जागी लाल रंग मारून बाजूला टाकला असता. तारेनं तोंड बांधायला दोन मिनिटं लागली असती. तार माझ्या टूलबॉक्समध्ये होती आणि टूलबॉक्स खोलीवर.

समोर पहिल्या रांगेत जनरल मॅनेजर सहकुटुंब बसले होते. प्रमुख पाहुणे होते. आधीच पाऊण तास उशीर झाला होता. आणि तिसरी घंटा झाली.

तिसऱ्या घंटेनंतर पडदा थांबवायचा, हे आमच्यासारख्या हौशी लोकांना देवाला पाठ दाखवण्यासारखं. ‘आता कुठं सांगत बसू’, एवढंच मनात आलं. वजन टांगलेलं असेल तोवर कडी हुकात घट्ट बसते, सुटते ती दोरी ढिली पडली तर. आणि ढिली कशाला पडेल, असं मी स्वतःला सांगितलं. मारुती पहिल्यांदा उडाला, मस्त उडाला. लोकांनी ‘जय श्रीराम’ म्हणून मांडव डोक्यावर घेतला. ठरल्याप्रमाणं तो लंकेच्या तटावर उतरला, दोन वाक्यं बोलला. तो उभा होता तेवढा वेळ दोरी ढिली पडली. मग पुन्हा ओढली. कडी हुकाच्या टोकावर येऊन बसली होती. आठ-नऊ फूट वर गेल्यावर ती निसटली.

घोट्याजवळ हाड मोडलं, दोन ठिकाणी. वायसीएम हॉस्पिटल तेव्हा नव्हतं, की होतं ते मला आठवत नाही, आम्ही त्याला जीपनं पुण्याला नेलं. हाड जुळलं पण पाय थोडा आखूड राहिला. प्रसंग उत्सवातला, कामावरचा नव्हे, म्हणून भरपाईचा प्रश्न आला नाही. वर्गणी काढून दवाखान्याचं बिल भागवलं. अप्रेंटिसशिप संपल्यावर वैद्यकीय तपासणीत तो बसला नाही आणि कायम झाला नाही. त्याच्या बरोबरीची पोरं पुढं चार्जहँड झाली.

‘दोरी सटकली’ असं सगळ्यांनी म्हटलं. मीही तसंच म्हटलं.

आता पुन्हा न्यूयॉर्क. आम्ही नाटक बघून आल्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० डिसेंबर २०१० ला, रात्रीच्या खेळात शेवटची काही मिनिटं उरलेली असताना क्रिस्टोफर टिअर्नी नावाचा नट पडला. तो स्पायडरमॅनचीच उड्या मारण्याची कामं करायचा. पुलाच्या देखाव्याच्या टोकाशी धावत जाऊन थांबायचं, एवढंच त्या क्षणी त्याचं काम होतं. तो थांबला नाही. वीस फुटांहून अधिक खाली, रंगमंचाच्या पोटातल्या खड्ड्यात गेला. कवटीला तडा, बरगड्या मोडल्या, पाठीच्या मणक्यांना इजा. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा नातू झोपला होता. आम्ही त्याला ती कळू दिली नाही.

मी पेपर जमवून ठेवायला लागलो. कारण काय निघालं असेल? संगणक बिघडला? विंच तुटली? रोप तुटला? काहीच नाही. त्या जागी तो उडणार नव्हताच. त्याच्या पाठीला एक साधी दोरी होती, तो कडेवर गेला की त्याला मागं धरून ठेवणारी. तिचं दुसरं टोक रंगमंचाला अडकवायचं होतं. ते माणसानं हातानं अडकवायचं होतं, आणि त्या रात्री ते अडकवलेलं नव्हतं. पुढं तिथल्या केंद्र सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्यानं तीन गंभीर त्रुटी काढल्या आणि १२,६०० डॉलर दंड केला. साडेसात कोटींच्या नाटकाला.

हा मुद्दा मी कारखान्यांत दहा वेळा घोळवून सांगतो. जिथं संगणक होता, तिथं खेळ थांबत होता. जरा वेग चुकला, एखादी विंच एवढीशी मागं राहिली, की तो सगळं बंद करायचा आणि स्पायडरमॅनला एकोणीसशे लोकांसमोर टांगून ठेवायचा. लोक हसतील, पेपरवाले काय लिहितील, पैसेवाले काय म्हणतील, त्याला काही देणंघेणं नव्हतं. संगणकाला प्रमुख पाहुण्यांची भीड नसते. आणि जिथं एक माणूस, एक हूक आणि समोर भरलेलं सभागृह होतं, तिथं खेळ चालू राहिला. त्या माणसाला तेव्हा काही दिसलं होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. कदाचित खरोखरच नजरचूक असेल. माझी नजरचूक नव्हती.

त्या अपघातानंतर त्यांनी एक खेळ रद्द केला आणि नवे नियम केले. एकानं हूक लावायचा, दुसऱ्यानं तपासायचा, आणि नटानं स्वतः तोंडानं सांगायचं की मी बांधलेलो आहे, मगच पुढं. आमच्या चाकणच्या नव्या मोटार कारखान्यांत हे आता रोजचं झालंय. असेंब्ली लाइनवर दोरी किंवा बटण असतं, साध्या हेल्परनंही ते दाबलं की अख्खी लाइन थांबते आणि डोक्यावर दिवा लागतो. पद्धत जपानी. दोरी लावणं सोपं आहे हो. काल लागलेला कंत्राटी पोरगा ती ओढतो का, आणि ओढल्यावर सुपरवायझर त्याच्याकडं कसा बघतो, ते बघायला पाहिजे. मी भाषणानंतर लाइनवर चक्कर मारतो तेव्हा हेच विचारतो, ‘शेवटची कधी ओढली?’ काही ठिकाणी पोरं हसत सांगतात, सकाळीच. काही ठिकाणी आधी सुपरवायझरकडं बघतात.

त्या नाटकाचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. शुभारंभ पुढं पुढं ढकलत गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये टीकाकार वाट बघून कंटाळले आणि संकेत मोडून लिहून मोकळे झाले, बहुतेकांनी झोडपलं. मार्चमध्ये टेमोरबाईंना बाजूला केलं. नाटक तीन आठवडे बंद ठेवून दुरुस्त केलं, विणकरणीचं काम कापलं, आणि १८२ प्रिव्ह्यूंनंतर १४ जून २०११ ला एकदाचा शुभारंभ झाला. त्यानंतर गर्दीही खूप झाली, पण खर्च काही निघाला नाही. ४ जानेवारी २०१४ ला शेवटचा खेळ झाला.

मला हे सगळं पाठ आहे. पंधरा वर्षं मी ते सांगतो आहे, टिअर्नीच्या बरगड्यांसकट. लोक विचारतात, साहेब, तुम्हाला एवढं कसं लक्षात? मी म्हणतो, नातवामुळं.

आकाशवाणीवरून या भाषणाचं विचारणं आलं तेव्हा मी ठरवलं की आधी चाकणला जायचं. मारुतीचं तळेगाव चौकाकडं हार्डवेअरचं दुकान आहे. नट, बोल्ट, शॅकल, पाइप, रंग. जागेचे भाव वाढायच्या आधी घेतलं, त्यामुळं बरं चाललंय. मधल्या काळात आम्ही लग्नाकार्यात भेटायचो, तो नेहमी वाकून नमस्कार करायचा आणि मी नेहमी दुसरीकडं बघायचो. त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी होतं. त्यानं चहा मागवला. मी त्याला आधी न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली, मग हुकाची. लॅच नव्हती, मला दिसलं होतं, मी बोललो नाही, असं तीन वाक्यांत सांगितलं. सदतीस वर्षं लागली तीन वाक्यांना.

तो बशीत चहा ओतत होता. ओतून झाल्यावर म्हणाला, “दादा, तुम्ही तिसरे.”

“म्हणजे?”

“दोरीला होते त्यांतले दोघं येऊन गेले. एक बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता तेव्हा, एक आजारी पडल्यावर. दोघांनीही हेच सांगितलं. हूक बघितला होता म्हणाले. तुम्ही मोठे फिटर, तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले.”

मला काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, “रेडिओवर सांगू का हे? तुझं नाव नाही घेणार.”

“सांगा की.” मग थोडा थांबून म्हणाला, “पण एक सांगा, त्या स्पायडरमॅनचं काय झालं? पडला तो?”

“बरा झाला. मे महिन्यात परत आला. पाच महिन्यांनी. त्याच नाटकात उड्या मारायला लागला.”

“बघा!” तो म्हणाला. आणि मग जे म्हणाला ते ऐकायला मी तयार नव्हतो. “तुम्ही लोकांनी पुढच्या वर्षी नाटकच केलं नाही. ऑर्केस्ट्रा आणला. माझा पाय तोवर बरा होता, मी वाट बघत होतो. एकदा तरी कुणी विचारायला पाहिजे होतं, मारुती, करतो का म्हणून. मी चेनपुलीनंसुद्धा वर गेलो असतो.”

तेवढ्यात एक पोरगा अर्ध्या इंची शॅकल मागायला आला. मारुती उठला, पाय ओढत आत गेला आणि खोक्यातून दोन काढून आणल्या. त्यातली एक बाजूला ठेवली, दुसरीची पिन फिरवून बघितली आणि ती त्याला दिली.